हरिदासची जीभ

हरिदास घरत रोज सकाळी माती चाखायचा. राईच्या खालच्या अंगाला, जिथे झाडं संपतात आणि खारी जमीन सुरू होते, तिथे तो उकिडवा बसायचा, हातभर खड्डा उकरायचा, तळाची ओलसर माती चिमटीत घ्यायचा आणि जिभेच्या टोकावर ठेवायचा. डोळे मिटून दहापर्यंत आकडे म्हणायचा. मग थुंकायचा, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरायचा आणि हाताखालच्या सुफियानला सांगायचा, "आज मत खोल," किंवा "खोल दे." त्याप्रमाणे सुफियान पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह उघडायचा, नाहीतर चहा ठेवायला जायचा. जवळच एक पाटी होती. इथलं पाणी सांडपाणी शुद्ध करून आणलेलं आहे, ते तोंडात घालू नये, असं तीन भाषांत तिच्यावर लिहिलं होतं. ती पाटी हरिदासनेच ठोकली होती.

राई म्हणजे चारशे बारा झाडं. कतारमधल्या अल खोरच्या रस्त्यावरून समुद्राकडे वळलं की आधी काही नाही, मग आणखी काही नाही, आणि मग एकदम हिरवं. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणा परदेशी इंजिनिअरने ऑस्ट्रेलियातून रोपं मागवली आणि वारा-वाळू अडवायला इथे लावली. इंजिनिअर गेला, त्याचं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही, झाडं राहिली. कागदोपत्री त्यांना पेपरबार्क म्हणतात. हरिदास कागदाची झाडं म्हणायचा. खोडाची साल पांढुरकी, मऊ, एकावर एक पापुद्रे; जुन्या पंचांगाची पानं सुटावीत तशी सुटायची. आणि माणसाची जात अशी, की सुटलेलं काही दिसलं की ओढल्याशिवाय राहवत नाही. शुक्रवारी सहलीला येणारी मंडळी साल सोलायची, तिच्यावर पेनाने बदाम काढायची. एकाने तर तीच साल पेटवून शेगडीतले कोळसे शिलगावले होते. ही साल रॉकेल ओतल्यासारखी पेटते. हरिदासने त्या माणसाला मराठीत ज्या शिव्या दिल्या त्यातली एकही त्याला कळली नसेल, पण शेगडी उचलून तो निघून गेला.

झाडं सांभाळायची म्हणजे पाणी घालायचं, असं ज्याला वाटतं त्याने या जागी एक झाड जगवून दाखवावं. राईच्या पलीकडे सबखा आहे. सबखा म्हणजे समुद्रकाठची सपाट खारी जमीन. खालून समुद्राचं पाणी झिरपतं, वरून ऊन ते आटवतं, आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा उरतो. आपल्याकडे मिठागरं बांधावी लागतात, इथे ती फुकट पसरलेली आहेत. ते खारं पाणी राईच्याही खाली असतं, साधारण पुरुषभर खोलीवर. वरून पाणी कमी घातलं तर ऊन जमिनीतलं मीठ वर ओढतं आणि मुळं जळतात. जास्त घातलं तर खालचं खारं पाणीच फुगून वर येतं आणि मुळं त्यात बुडतात. म्हणून माती खारट लागली की एकदा भरपूर पाणी सोडायचं, मीठ धुऊन चरांवाटे सबख्याकडे घालवायचं, आणि मग हात आखडता घ्यायचा. कधी धुवायचं आणि कधी थांबायचं, एवढंच काय ते शास्त्र. ते सगळं हरिदासच्या जिभेवर होतं.

जीभ त्याला बापाकडून मिळाली होती. पेणच्या खाडीकाठी त्याचा बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबायचा. एका वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात कधी सोडायचं हे तो थेंब जिभेवर ठेवून सांगायचा, आणि सात-आठ वर्षांच्या हरिदासलाही चाखायला लावून विचारायचा. चुकला की टपली. हरिदासला मिठागराचा मनापासून तिटकारा होता. पायाच्या भेगांत मीठ शिरलं की कसं होतं ते शिरल्याशिवाय कळत नाही. माळीकाम शिकला, एजंट गाठला आणि कतारला आला, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं की यापुढे मिठाशी संबंध जेवणापुरता. कंपनीने त्याला नेऊन सोडलं ते थेट सबख्याच्या काठावर. त्याला एकवीस वर्षं झाली.

या जिभेचा बोलबाला झाला तो सहा-सात वर्षांपूर्वी. मुख्य पाइप फुटला होता म्हणून महिनाभर टँकरने पाणी यायचं. एका टँकरचं पाणी खारटपणा मोजायच्या मीटरवर ठीक दिसलं. हरिदासने बोट बुडवून चाखलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, वापस ले जा. ड्रायव्हर भांडला, सुपरवायझर ओरडला, हरिदास व्हॉल्व्हवर जाऊन बसला. तो टँकर दुसऱ्या एका बागेत रिकामा झाला आणि तिथली सगळी हिरवळ आठवड्यात करपली. मीटर बिघडलेलं निघालं. तेव्हापासून मीटर शेडमधल्या खणात पडून राहिलं आणि हरिदासची जीभ हाच कायदा झाला. कंपनीच्या मासिकात त्याचा जीभ बाहेर काढलेला फोटोसुद्धा छापून आला. तो फोटो त्याने गावी पाठवला तेव्हा बायको, बबीता, फोनवर म्हणाली होती, "लोकांचे नवरे सोन्याचे दुकानासमोर फोटू काढतान, तुमी जीभ दाखवताव." पण तिने तो फोटो कपाटाच्या काचेला आतून चिकटवला, हे मुलीने सांगितलं.

हरिदासला गर्व झाला का? झाला. का होऊ नये? छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात त्याला कुणी पहिल्यांदा विचारत होतं.

तीन वर्षांपूर्वी देखभालीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि अवधूत साने आला. पुण्याचा, पर्यावरणाचा इंजिनिअर, वय छत्तीस-सदतीस. ऑफिस लुसैलच्या एका टॉवरमध्ये, घर अल थुमामाला, बायको सुहासिनी आणि इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी ईरा. पहिल्याच दिवशी हरिदास मराठी आहे म्हटल्यावर त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही इथे असताना मला कसली चिंता?" मोठ्या साहेबाच्या तोंडून काका ऐकून हरिदास विरघळलाच. अवधूत माणूस वाईट नव्हता. त्याने राईत जमिनीखालचं पाणी किती खोल आहे ते मोजायचे तीन उभे पाइप बसवले, नवीन मीटर आणलं, झाडांना नंबर लावले, आणि हरिदास सांगेल ते वहीत लिहून घेतलं. फक्त मीटर आणि हरिदास यांचं जमलं नाही की तो हरिदासचं ऐकायचा. पाहुणे आले की सांगायचा, "ही आमची लॅब." आणि हरिदासच्या खांद्यावर हात ठेवायचा.

मागच्या जानेवारीत हरिदासला चक्कर आली. सात नंबरच्या झाडाला धरून तो उभा राहिला म्हणून पडला नाही. कंपनीच्या दवाखान्यात जायची सोय नव्हती, कारण तिथला कागद ऑफिसात जातो, आणि या वयात चक्कर येणाऱ्या माणसाचा करार कुणी वाढवत नाही. त्याची खोली उम्म सलाल मोहम्मद या वस्तीत होती. तिथल्याच एका छोट्या क्लिनिकमध्ये तो गेला. मल्याळी डॉक्टरने ब्लडप्रेशरचा पट्टा दोनदा आवळून पाहिला आणि विचारलं, "जेवणात काय असतं?" हरिदासने खरं ते सांगितलं. सुकट, सुके बोंबील, पापड, आंब्याचं लोणचं. डॉक्टर म्हणाला, "यातलं सगळं बंद. आणि मीठ तर पूर्ण बंद."

ज्याच्या तीन पिढ्या मिठात गेल्या त्याला मीठ बंद. बबीताला त्याने फोनवर हे हसत हसत सांगितलं, पण ती हसली नाही. तिचा भाऊ प्रेशरनेच गेला होता. तिने त्याच्याकडून मुलीची शपथ घेतली आणि रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न विचारायला लागली, "मीठ नाय ना खाल्लं?" तो म्हणायचा, "नाय." आणि खरंच खायचा नाही. सुफियान त्याच्याच खोलीत राहायचा, बिहारचा, तिशीचा. आठ दिवस त्याने हरिदासची अळणी डाळ गिळली, नवव्या दिवशी म्हणाला, "चाचा, ये तो बीमार का खाना है," आणि वेगळी चूल मांडली. बाकी कुणाला काही कळलं नाही. हरिदासने कळू दिलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर एके सकाळी हरिदासने माती जिभेवर ठेवली आणि दचकला. खारट. दुसऱ्या ठिकाणी उकरलं, तिथेही खारट. वरच्या अंगाला, जिथे कधी त्रास नसायचा, तिथेही. त्याने सुफियानला मीटर काढायला लावलं. मीटर म्हणालं, सगळं ठीक. हरिदासने मीटरकडे पाहिलंही नाही. पूर्वीचं मीटरही असंच म्हणालं होतं.

त्याने अवधूतला बोलावून घेतलं. "साहेब, जमीन खारट झालेय. आता नाय धुतली तं जूनपर्यंत झारा जातील."

अवधूतने स्वतः मीटर लावून पाहिलं. "काका, रीडिंग नॉर्मल आहे."

"मीटरला कायपन बोलू दे."

"खात्री आहे ना? कारण ज्यादा पाणी मागायचं म्हणजे मला वर लिहून द्यावं लागेल. तिथे जीभ चालत नाही."

हरिदास म्हणाला, "साहेब, माझे बापानी मना मीठ शिकवलंय." अवधूतने लुसैलला जाऊन भांडून पाणी दुप्पट करून आणलं. अर्जाखाली एकट्याची सही केली.

पाणी सुरू झालं. आठवड्याने चाखलं, खारट. पंधरा दिवसांनी चाखलं, खारटच. हरिदास म्हणाला, अजून सोडा. सोडलं. मे गेला, जून आला, दुपारचं काम कायद्याने बंद झालं, तरी हरिदास शेडमध्ये न बसता झाडांखालून फिरत राहायचा. जुलैत खालच्या ओळींची पानं पिवळी पडायला लागली. शेंड्यापासून वाळत खाली यायला लागली. त्याने माती चाखली आणि त्याला एक प्रकारचं समाधान वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. ‘बघा, मी म्हटलं होतं,’ असं वाटलं. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून माणूस आपलं नुकसानसुद्धा मान्य करतो.

एके दिवशी सुफियान उभ्या पाइपात पट्टी सोडून बघत होता. तो म्हणाला, "चाचा, पाइप में पानी ऊपर आ रहा है. पहले छह फुट पे था, अभी ढाई पे है."

"ऊपर का पानी है. नीचे जाएगा."

"चख के देखा मैंने. समंदर जैसा है."

हरिदास भडकला. "तू मुझे चखना सिखाएगा?" चार माणसांसमोर त्याने त्याला असं झाडलं की सुफियान पुढे दोन महिने पाइपाजवळ गेला नाही. आणि सुफियानची चूक एवढीच, की तो रोज मीठ खात होता आणि त्याची जीभ शाबूत होती.

ऑगस्टअखेरीस गणपती आले. अवधूतकडे दीड दिवसाचा असायचा. त्याने हरिदासला जेवायला बोलावलं आणि स्वतः गाडी घेऊन न्यायला आला. घरात दहा-बारा माणसं होती. इंजिनिअर, त्यांच्या बायका, कुरकुर करत मोदक खाणारी पोरं. हरिदास इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. अवधूत प्रत्येकाला सांगत होता, "हे हरिदासकाका. हे माती चाखून पाण्याचं ठरवतात. आमच्याकडे एवढी इन्स्ट्रुमेंट्स आहेत, पण शेवटचा शब्द यांचा." लोक कौतुकाने मान हलवत होते. हरिदासला त्या खालच्या ओळी आठवत होत्या, तरी बरं वाटत होतं.

पानं वाढली. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्यामुळे मीठ हाताच्या अंदाजाने पडतं, आणि सुहासिनीचा अंदाज त्या दिवशी पार चुकला होता. पहिला घास घेताच तिकडचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "मीठ घ्या हो इकडे." दुसरे म्हणाले, "आमटीत घालायचं राहिलंच वाटतं." सुहासिनी ओशाळून म्हणाली, "थोडंसंच पडलंय, हात आखडला माझा. चाखता येत नाही ना." मिठाची वाटी हातोहात फिरायला लागली. हरिदास पलीकडच्या पोरांशी बोलत होता, त्याने यातलं काही ऐकलं नाही. त्याने आमटी-भाताचा घास घेतला, तोंड वेडंवाकडं होऊ न देता गिळला, आणि पाहुण्याने काही तरी बोलावं म्हणून म्हणाला, "वहिनी, आमटी बेस झालेय. मीठ तेवढं जरा जास्त परलंय."

सगळे खो खो हसले. सुहासिनीसुद्धा हसली. "काका, माझी फिरकी घेताय होय?"

हरिदासला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. मग त्याने बघितलं. सगळ्यांच्या पानात आमटीवर मीठ भुरभुरलेलं. त्याच्याकडेही वाटी आली. त्याने पुन्हा आमटी चाखली. खारट. भाजी चाखली. खारट. साधं वरण. खारट. या पंक्तीला अळणी लागणारं सगळं त्याला खारट लागत होतं. आठ महिने मीठ न शिवलेल्या जिभेला दुसरं काय लागणार? त्याने हात थांबवला. आमटीतून तो थेट एप्रिलच्या त्या सकाळी गेला, पहिल्या चिमटीपाशी. माती खारट नव्हती. मीटर खरं बोलत होतं. माती नेहमीसारखीच होती आणि त्याने तिच्यावर चार महिने पाणी ओतलं होतं, खालचं समुद्राचं पाणी फुगून मुळांपर्यंत येईतोवर. आता ती खरोखर खारट होती. त्याने केली होती.

मोदक त्याला गिळवेना. सुहासिनीने आग्रह केला तेव्हा त्याने तो रुमालात बांधून घेतला.

परतताना गाडीत त्याने अवधूतला सांगितलं. सगळं सांगितलं, चक्कर, डॉक्टर, मीठ, आमटी. पुढच्या पेट्रोल पंपावर अवधूतने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, "हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुनालाच नाय. तुमालाच."

"मग नका सांगू."

"पन साहेब, झारा..."

"पाणी उद्या बंद करतो. झाडांचं जे करता येईल ते करू. पण हे तुमच्या-माझ्यात राहू दे." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "काका, मी लिहून दिलंय. मीटरच्या विरुद्ध लिहून दिलंय, एका माणसाच्या जिभेवर. हे बाहेर आलं तर मला घरी पाठवतील. ईराची शाळा, सगळं इथे आहे माझं. तुमचंही तेच."

दुसऱ्या दिवशी पाणी बंद झालं. हरिदासने सुफियानला बोलावून त्याची माफी मागितली, त्याला काही नीट समजावून न सांगता, आणि दोघांनी मिळून चर खोल केले. साचलेलं पाणी थोडं निघालं. बाकीचं सप्टेंबरच्या उन्हाने ओढून घेतलं. आणि ते ऊन पाणी तेवढं नेतं, मीठ मागे ठेवतं, हे हरिदासला सांगायला कुणी नको होतं. दोन आठवड्यांत राईच्या खालच्या अर्ध्या भागात जमीन पांढरी झाली. झाडांच्या ओळींमधले चौकोनी वाफे, त्यांना चरांचे बांध, आणि आत स्वच्छ, खडेदार मीठ. बापाने पाहिलं असतं तर टपली मारली नसती. ज्या कामाला कंटाळून तो समुद्र ओलांडून पळाला होता, ते काम त्याने इथे बिनचूक केलं होतं.

तीनशे पंधरा झाडं गेली. वरच्या अंगाची सत्त्याण्णव राहिली. वाळलेल्या झाडांची साल आपोआप गळत होती. आता ती सोलायलाही कुणी येत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये सरकारी खात्यातून हुस्ना नावाची एक मृदातज्ज्ञ बाई पाहणीला आली. अवधूतने रिपोर्ट तयार ठेवला होता: सबख्यातल्या भूजलाची नैसर्गिक वाढ. हरिदासने तो वाचून घेतला होता आणि म्हणाला होता, "साहेब, यात माझं नाव टाका." अवधूत म्हणाला होता, "तुमचं टाकलं की माझं येतं." हरिदासने दोन रात्री काढल्या. अवधूतने चूक केली ती त्याच्यावर विश्वास ठेवून, हे त्याच्या डोक्यातून जाईना. पण सत्त्याण्णव झाडं अजून उभी होती, आणि नैसर्गिक वाढ म्हटलं की त्यांच्यासाठीही कुणी काही करणार नव्हतं. शेवटी पाहणीच्या दिवशी अवधूत फोनवर आहेसं बघून तो त्या बाईजवळ गेला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, माय मिस्टेक. वॉटर, टू मच. माय मिस्टेक."

हुस्ना मॅडमने त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. तिने हातातल्या रिपोर्टवर बोट ठेवलं आणि हिंदीत, सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं की हे नैसर्गिक आहे, समुद्र आहे, यात माळ्याचा काही दोष नाही. एवढी वर्षं तुम्ही किती जपलंत ते मला माहीत आहे, असंही म्हणाली. मासिकातला तो फोटो तिने बघितला होता. आणि ती पुढच्या पाइपाकडे गेली.

जागा मोकळी झाली तिथे लाकडी पायवाट आली, बाकं आली, माहितीचे फलक आले. एका फलकावर हरिदासचा फोटो आहे. मीटर आता सुफियानकडे असतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते तो मीटर बघून ठरवतो, आणि बरोबर ठरवतो. हरिदास पाचोळा गोळा करतो, आग लागू नये म्हणून. पण थंडीत शनिवारी पाहुण्यांचे गट येतात तेव्हा त्याला इस्त्रीचा शर्ट घालावा लागतो.

परवाच्या शनिवारी पंचवीसेक माणसं होती. अवधूतने नेहमीचं सांगितलं. पेणची मिठागरं, बापाची टपली, टँकर. हरिदास उकिडवा बसला आणि खड्डा उकरला. पाहुण्यांच्या मागे सुफियान उभा होता. त्याने आधीच मीटर लावून पाहिलेलं असतं. एक बोट वर केलं तर गोड, दोन केली तर खारट, असं त्या दोघांचं ठरलेलं आहे. सुफियानने दोन बोटं वर केली. जागा जुन्या खालच्या ओळीतली होती, एकशे अठरा नंबरचं झाड जिथे होतं तिथली. हरिदासने माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, दहापर्यंत आकडे म्हटले. डोळे उघडले तेव्हा अवधूत त्याच्याकडे बघत होता आणि किंचित मान हलवून नको म्हणत होता.

"स्वीट," हरिदास म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने त्याच्याबरोबर सेल्फी काढला. लोक पायवाटेने पुढे गेल्यावर त्याने थुंकून चूळ भरली, पण बाटलीत पाणी थोडंच होतं.

संध्याकाळी खोलीवर बबीताचा फोन आला. नेहमीप्रमाणे तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मीठ नाय ना खाल्लं?"

हरिदासने अळणी डाळीचं पातेलं खाली उतरवलं. मग म्हणाला, "खाल्लं."

"काय?"

"खाल्लं मीठ. पुष्कल खाल्लं."

आणि मग बबीता सुरू झाली. लाज नाय का वाटत, म्हणाली. पोरीची शपथ घेतलीत, म्हणाली. एवढं सांभालायला दिलं होतं ते एक सांभालता आलं नाय तुमाना, सगल्याची माती केलीत, आता रडून काय फायदा. ती बोलत राहिली, मधेच रडली, पुन्हा बोलली. सुफियानने पलीकडून हाताने विचारलं, काय झालं? हरिदासने हातानेच त्याला गप्प केलं. त्याने फोन कानाला घट्ट धरला होता. खोटं बोललो, असं सांगून तो तिला थांबवू शकला असता. त्याने थांबवलं नाही. ऑगस्टपासून कुणीतरी आपल्याला हे बोलावं म्हणून तो वाट बघत होता.